उसाची नोंद होते, पोराची का होत नाही?



ऊसलागणीची नोंद कशी घेतली जाते हे आपणांस नव्याने सांगावयास नको. गटातला चिटबॉय बांधावर येतो. गट नंबर विचारतो, क्षेत्र मोजतो, जात को ८६०३२ की फुले २६५, बेणे कुठले, पाणी विहिरीचे की कॅनॉलचे, लागण कोणत्या तारखेची, हे सगळे लिहून घेतो. सभासद बाहेरगावी असला तर दोन दिवसांनी पुन्हा हेलपाटा घालतो. ओढ्याकाठचा पाच गुंठ्यांचा तुकडा यादीत आला नाही तर सभासद गट ऑफिसात येऊन उभा राहतो, "साहेब, माझा प्लॉट दिसत नाही यादीत." नोंद नाही म्हणजे प्रोग्रॅम नाही आणि प्रोग्रॅम नाही म्हणजे टोळी नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

त्याच सभासदाच्या सोप्यात कधी कधी चार वर्षांचे एक पोर बसलेले असते. त्याला आधाराशिवाय बसता येत नाही, किंवा मागून हाक मारली तर ते वळून बघत नाही, किंवा अजून एक शब्दही बोललेले नसते. या पोराची नोंद कुठे आहे असे विचारले तर घरची माणसे एकमेकांकडे बघतात. अंगणवाडीत नाव आहे का? "होतं, पण आता जात नाही." दवाखान्यात दाखवले का? "दाखवलं होतं, मोठं झालं की बोलेल म्हणाले." दाखला काढला का? "अजून लहान आहे की."

ऊस विकास खात्याने पोराबाळांच्या विषयात कशाला शिरायचे, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, वर्षातून चार-पाच वेळा प्रत्येक वस्तीवर, मळ्यात, अगदी गावापासून तीन किलोमीटर आत असलेल्या एकट्या घरापर्यंत पोचणारी माणसे या तालुक्यात फार थोडी आहेत. त्यांत आमच्या खात्याची माणसे आहेत. जे दिसते ते लिहिणे हेच आमचे काम आहे, मग ते उसापुरतेच का?

आमचा मुद्दा एकच आहे. तीन ते सहा वर्षांच्या दिव्यांग मुलांचा जो आकडा अंगणवाडीच्या, बालवाडीच्या किंवा विशेष शाळेच्या पटावर दिसतो, तो गावात अशी मुले किती आहेत हे सांगत नाही. त्यांना शोधायला कोण गेले आणि किती लांब गेले, एवढेच तो सांगतो. पट कमी दिसला की "आमच्या गावात अशी मुले नाहीतच" असा अर्थ काढला जातो. तो काढणे म्हणजे नोंदवहीत प्लॉट नाही म्हणून रानात ऊस नाही असे म्हणण्यासारखे आहे.

ही गोष्ट अमेरिकेने कायद्यात लिहून ठेवली आहे. योगायोग असा की १९७५ हे साल दोन्ही देशांत या बाबतीत महत्त्वाचे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी आपल्याकडे एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्यातून गावोगावच्या अंगणवाड्या उभ्या राहिल्या. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. पुढे १९८६ च्या दुरुस्तीने तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठीही भक्कम तरतूद झाली. त्या कायद्याचे कलम न् कलम येथे सांगण्याचे कारण नाही, पण एक बाब सभासदांनी ध्यानात घ्यावी. अशी मुले शोधून काढण्याची जबाबदारी तिथे सरकारी शिक्षणयंत्रणेवर आहे. आईबापांनी अर्ज करावा आणि मग आम्ही बघू, असे चालत नाही. ज्या ठिकाणी सरकारी खर्चाने विशेष बालवाड्या चालतात, तिथल्या पटाची माहिती कोणालाही बघता येते: एकूण मुले किती, मुलगे किती, मुली किती, कोणत्या वंशाची किती, एका शिक्षकामागे किती. एखाद्या वंशाची मुले प्रमाणाबाहेर जास्त नोंदली जात असतील तर ते का, हे तपासण्याचे बंधनही राज्यांवर आहे. तिकडचे सगळे गोजिरे आहे असे आम्ही म्हणत नाही. या मुलांवरील जादा खर्चाचा ४० टक्के वाटा केंद्राने उचलण्याचे कबूल केले होते, तो आजतागायत पूर्ण उचललेला नाही. अनुदानाचे रडगाणे तिथेही आहेच. परंतु पट उघडा असल्यामुळे निदान भांडायला आकडा तरी हाताशी असतो.

आपल्याकडचा आकडा बघू. २०११ च्या जनगणनेत देशात सहा वर्षांपर्यंतची अपंग मुले २० लाख ४२ हजारांच्या आसपास मोजली गेली. त्या वयाच्या एकूण मुलांत हे प्रमाण १.२४ टक्के पडते. दर शंभरातील ७१ मुले ग्रामीण भागातली, म्हणजे आपल्यासारख्या गावांतलीच. सर्व वयांच्या लोकसंख्येत मात्र हेच प्रमाण २.२१ टक्के निघाले. वय वाढते तसे अपघाताने, आजाराने, म्हातारपणाने अपंगत्व वाढते, हे खरे. पण लहानपणी ओळखलेच जात नाही म्हणूनही आकडा कमी दिसतो, हे तितकेच खरे. गणना करणारा शिक्षक दारात उभा राहून विचारणार, आजी सांगणार "सगळी धडधाकट आहेत", आणि दोन वर्षांच्या पोराला ऐकू येत नाही हे तोवर आईलाही नीट कळलेले नसणार. शिवाय २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचे पाच प्रकार होते, २०११ मध्ये आठ झाले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले. चाळणीची भोके बदलली की खाली पडणाऱ्या दाण्यांची संख्याही बदलते. २०२१ ची जनगणना महामारीमुळे झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली आहे. म्हणजे हिशेब करायला घेतलेला हा कागदच दीड दशक जुना.

आता गावातल्या पटाकडे वळू, कारण खरी गळती तिथे आहे, आणि ती कुठल्या वयाला होते तेही सांगता येते.

सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या बाळाचा आहार अंगणवाडीतून घरी न्यायचा असतो. आई किंवा आजी जाते, पाकिटे घेऊन येते, वहीत सही होते. बाळ चालत नसले, मान धरत नसले तरी त्याचे नाव वहीत राहते. तीन वर्षे पूर्ण झाली की व्यवस्था बदलते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाने अंगणवाडीत यायचे, बसायचे आणि गरम शिजवलेला आहार तिथेच खायचा. धडधाकट मुलाच्या दृष्टीने ही फार चांगली सोय. पण ज्याला चालता येत नाही, ज्याला शी-शू सांगता येत नाही, ज्याला फिट येते म्हणून आई नजरेआड करीत नाही, ते मूल नेमके याच वयात बाहेर पडते. त्याला कोणी काढून टाकत नाही. ते येत नाही, एवढेच. महिना गैरहजर, दोन महिने गैरहजर, आणि पुढे सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला कोणी हाक मारीत नाही.

यात अंगणवाडीच्या ताईंना दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. एक सेविका, एक मदतनीस, वजन-उंची, लसीकरणाची आठवण, गरोदर बायांच्या भेटी, मोबाईलवर माहिती भरणे आणि वर सगळ्या सर्वेक्षणांचे ओझे त्यांच्याच डोक्यावर. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची खास कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला व घरच्यांना सर्वांत सामावून घेणे, आणि आशा व आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवणे, अशी तिची रचना आहे. कागदावर ती चांगली आहे. पण जी ताई सकाळी साडेनऊपासून चाळीस पोरांत अडकलेली आहे, ती दीड कोसावरच्या मळ्यात बसलेल्या त्या एका पोरापर्यंत कधी जाणार?

कायद्याचीही तीच तऱ्हा. सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयासाठी. दिव्यांग हक्क कायद्याने ठराविक प्रमाणाच्या अपंगत्वासाठी मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते अठरा वयासाठी. त्याच कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी मुलांचे सर्वेक्षण व्हावयाचे आहे, पण ते शाळेत जाणाऱ्या मुलांचे! जे शाळेत जातच नाही त्याची मोजणी या सर्वेक्षणात कशी होणार, हे कलम लिहिणाऱ्यांनाच माहीत. त्यातल्या त्यात, सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी असेही हाच कायदा म्हणतो, आणि तो धागा आपण हाती धरावा असे आम्हांस वाटते.

तपासणीची यंत्रणाही अस्तित्वात नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. डॉक्टरांचे पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. जन्मजात व्यंग, बहिरेपणा, मोतीबिंदू, वाकडे पाऊल, वाढीतला उशीर अशा तीसएक बाबी बघते आणि गरज वाटली तर जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्राकडे चिठ्ठी देते. उपचाराला खर्च नाही. पण पथक अंगणवाडीत येते आणि आपले पोर सोप्यात असते. चिठ्ठी कुणाच्या हातात द्यायची?

वयाबद्दल आम्ही एवढे का बोलतो, ते सांगतो. लागणीनंतर महिना-दीड महिन्यात नांगे भरून घ्या, हे आम्ही दर गटसभेत ओरडून सांगतो. मोठ्या बांधणीच्या वेळी भरलेले रोप जगत नाही असे नाही, पण शेजारच्या उसाच्या सावलीत ते पिवळे पडते. लेकराची तुलना पिकाशी करू नये हे मान्य. तरी वेळेचा हिशेब तोच आहे. कानाच्या बाबतीत तज्ज्ञांची शिफारस अशी की पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत यंत्र किंवा उपचार सुरू. कारण बोलणे हे ऐकण्यातून येते, आणि मेंदूचे ते शिकण्याचे दिवस पहिल्या तीन-चार वर्षांतलेच. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलास कानातील रोपणाची शस्त्रक्रिया केंद्राच्या योजनेतून मिळते, तीही सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या आतच. वाकडे पाऊल घेऊन जन्मलेल्या बाळाचे पाय पहिल्या काही आठवड्यांपासून दर आठवड्याला प्लास्टर बदलत गेले तर बहुतेक वेळा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होतात. हेच सहा वर्षांनी करायला गेले तर काय लागते ते अस्थिरोग डॉक्टरांनाच विचारावे. आणि आपण काय करतो? सहाव्या वर्षी पहिलीत नाव घालायला नेतो, तिथे गुरुजी म्हणतात, "याला विशेष शाळेत घाला", आणि तेव्हा दाखल्याची धावपळ सुरू होते.

मुलींबद्दल दोन शब्द. २०११ च्या त्या २० लाख ४२ हजारांत मुलगे सुमारे ११ लाख आणि मुली ९ लाख ३८ हजारांच्या घरात होत्या. म्हणजे हजार मुलग्यांमागे साधारण ८५० मुली. सर्वसाधारण मुलांत त्या जनगणनेत हेच प्रमाण ९१९ होते, आणि तेही शरमेचेच. अमेरिकेतही विशेष बालवाडीच्या वयोगटात दर दहांत सुमारे सात मुलगे असतात. तेव्हा हा सगळाच फरक दुर्लक्षामुळे पडतो असे म्हणणे बरोबर नाही. स्वमग्नतेसारखी अवस्था मुलग्यांत तीन ते चार पट जास्त आढळते, बोलण्यातला उशीरही त्यांच्यात जास्त. पण हे कारण पुढे करून मोकळे होता येत नाही. ऐकू न येणारा मुलगा असला तर बाप पुण्यापर्यंत नेतो, कर्ज काढतो. तीच मुलगी असली तर "शांत आहे बिचारी, त्रास नाही तिचा काही" असे ऐकायला मिळते. शांत असणे हेच तिचे दुखणे असते. पटावर मुलगे-मुली वेगळे लिहिले तरच हे उघडे पडेल. नुसती बेरीज लिहिली तर कधीच नाही.

आणखी एक गट आहे, जो आमच्या डोळ्यांसमोर दर हंगामात येतो आणि जातो. तोडणीच्या टोळ्या. दिवाळीच्या सुमारास कोयता गाव सोडतो आणि पाचएक महिने आपल्या रानात कोप्या पडतात. लहान पोरे बरोबर असतात. त्यांची नावे गावाकडच्या अंगणवाडीत, पोरे इथे. पथकाच्या वर्षातल्या दोन फेऱ्यांपैकी एक तरी ते इथे असतानाच गावाकडे होऊन जाते. अशा टोळीत एखादे अपंग मूल असले तर ते एक तर कोपीच्या तोंडाशी गोधडीवर दिवसभर ठेवलेले असते, नाही तर गावाकडे म्हातारीपाशी सोडलेले असते. पहिल्या प्रकारात ते आपल्या तालुक्याच्या पटावर नाही, दुसऱ्यात ते असून नसल्यासारखे. ज्यांच्या कोयत्यावर आपल्या गाळपाचा आकडा उभा राहतो, त्यांची ही पोरे आपली नव्हेत असे म्हणण्याचा अधिकार कारखान्याला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग करायचे काय? विशेष बालवाडीची इमारत बांधा, कोनशिला बसवा, उद्घाटन करा, असे आम्ही सुचवीत नाही. इमारत झाली की तिच्यात मुले आणायची कोणी, हा प्रश्न तसाच राहतो. आमची सूचना साधी आहे. लागण नोंदीच्या फॉर्मसोबत एक लहान कागद असावा. घरात सहा वर्षांखालील मूल आहे काय, वय किती, मुलगा की मुलगी, तीन वर्षांपुढील असल्यास अंगणवाडीत जाते काय, जात नसल्यास का नाही. बस्स. मूल कसे आहे, त्याला काय झाले आहे, हे चिटबॉयने लिहायचे नाही. ते त्याचे काम नव्हे आणि ते त्याला समजणारही नाही. "येडं", "मुकं", "लंगडं" असले शेरे तर मुळीच नकोत. "अंगणवाडीत जात नाही" एवढी एक खूण झाली की तो कागद गट ऑफिसातून त्या गावच्या ताईंकडे व आशाताईंकडे जावा. त्यांनी घरी जाऊन बघावे आणि पथकाची तारीख ठरली की कारखान्याच्या जीपने त्या मुलाला आईसह अंगणवाडीत किंवा जिल्ह्याच्या केंद्रात न्यावे आणआवे. टोळ्यांचा कागद हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात, मुकादमाला बरोबर घेऊन, अड्ड्यावरच भरावा.

यावर पहिला आक्षेप येईल तो खर्चाचा. एका जीपचे महिन्यातून चार-पाच फेऱ्यांचे डिझेल, यापलीकडे खर्च नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीने गावोगाव हायस्कुले काढली, पॉलिटेक्निक काढली, इंजिनिअरिंगची कॉलेजे उभी केली. अठरा वर्षांच्या पोरासाठी आपण एवढे केले आणि ते योग्यच केले. तीन वर्षांच्या पोरासाठी डिझेल जड होऊ नये.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो सभासद भगिनींकडून येतो. "साहेब, नाव कागदावर आलं की गावभर होतं. थोरलीचं लग्न जमवायचंय." ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. स्थळ मोडल्याची उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. म्हणूनच कागदावर आजाराचे नाव नको, तो गट ऑफिसच्या भिंतीवर लागणार नाही, सभेत वाचला जाणार नाही आणि ताईंकडे पोचल्यावर त्याची प्रत कारखान्यात ठेवायची नाही. कारखान्याने आपल्याजवळ फक्त गावनिहाय बेरजा ठेवाव्यात: मुले किती, मुली किती, तीन वर्षांपुढची किती, त्यांतली अंगणवाडीत न जाणारी किती, टोळ्यांमधली किती. आणि पुढच्या वर्षी त्याच वेळी पुन्हा मोजून, त्यांतली किती जाऊ लागली.

तिसरा आक्षेप, "ताई ठेवून घेणार आहेत का अशा पोराला?" काही ठेवून घेतील, काही कुरकुरतील. इथे कारखान्यापेक्षा शेजाऱ्यांचा प्रश्न जास्त आहे. आमचे पोर त्याच्याशेजारी बसणार नाही असे म्हणणारे पालक आहेत, आणि ते सभासदच आहेत, हेही लिहून ठेवतो.

येत्या लागण हंगामात दोन गटांत हा कागद चालवून बघावा, अशी टिपणी आम्ही संचालक मंडळाकडे देत आहोत. एक गट गावठाणालगतचा आणि एक मळ्यांचा, म्हणजे फरक कळेल. ज्या सभासदांस हा विषय वार्षिक सभेत घ्यावा असे वाटते त्यांनी लेखी सूचना मुदतीत कारखान्याच्या कार्यालयात द्यावी. आणि ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांनी कागदाची किंवा सभेची वाट पाहू नये. आपल्या गावच्या आशाताईंना पथकाची पुढची तारीख विचारावी आणि त्या दिवशी पोराला उचलून अंगणवाडीत न्यावे. गाडीची अडचण असल्यास गट ऑफिसात सांगावे.